ऑफिसचं नेटवर्क सुरक्षित करायचंय, सुरुवात फायरवॉलपासून की आणखी कुठून?

अवंती_क | सोमवार, २१:१२
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमचं तपासणी केंद्र आहे, म्हणजे रक्ताचे रिपोर्ट, स्कॅन वगैरे. ४२ कॉम्प्युटर, तीन प्रिंटर, दोन मोठी मशीनं आणि डझनभर कॅमेरे. मी मुळात अकाउंट्सची, पण एकदा अडकलेला प्रिंटर चालू करून दिला तेव्हापासून आयटी म्हणजे मीच असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय.

तर गेल्या आठवड्यात वेळ होता म्हणून माझ्या फोनवरून नेटवर्कमध्ये काय काय दिसतं ते सहज बघत होते. 'रिपोर्ट्स' नावाचं फोल्डर दिसलं. टॅप केलं, उघडलं. पासवर्ड नाही, काही नाही. २०११ पासूनचे सगळे रिपोर्ट, नावानिशी. आणि मी ज्या वायफायवर होते त्याचा पासवर्ड रिसेप्शनच्या काउंटरवर काचेखाली कागदावर लिहून ठेवलेला आहे, येणाऱ्या प्रत्येक पेशंटला तोच दाखवतात. मला अक्षरशः घाम फुटला.

डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले वेंडरला बोलाव. वेंडर आला, वीस मिनिटं फिरला आणि एका मोठ्या फायरवॉलचं कोटेशन देऊन गेला. प्रश्न एवढाच की हा डबा घेतला की काम झालं का? आणि नसेल तर नेटवर्क नव्याने आखायचं कसं? सोप्या भाषेत सांगा प्लीज, सबनेट म्हणजे काय हे मला काल कळलंय.

कोपऱ्यातला | सोमवार, २१:२०
वाचतोय. आमच्याकडेही काचेखालीच आहे.

पोर्टबंद | सोमवार, २१:४८
अवंतीताई, डबा वाईट नाही, पण तुमच्या अडचणीवरचं औषध ते नाही. फायरवॉल म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा. तुमचा फोन, आणि बाकावर बसलेल्या पेशंटचा फोनही, आधीच चौकात येऊन उभा आहे आणि आतल्या एकाही खोलीला कडी नाही. दरवाजा कितीही भक्कम करा, तुम्ही ते फोल्डर उघडलंत तेव्हा दरवाज्याचा संबंधच आला नव्हता.

तर आधी कागद घ्या, खरा कागद. त्यावर लिहा की नाजूक माहिती कुठे कुठे पडलीय, ती नक्की कोणाकोणाला लागते आणि एकीकडून दुसरीकडे कुठल्या वाटेने जाते. पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण 'सर्व्हरवर' असं उत्तर देतात आणि तिथेच फसतात. मशीनला जोडलेल्या कॉम्प्युटरवर कॉपी असते, प्रिंटरच्या मेमरीत छापलेली पानं असतात, रिसेप्शनच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये तर खजिनाच असतो. ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वेगळंच.

आणि ते फोल्डर आज रात्रीच बंद करा, बाकी धागा नंतर वाचा.

अवंती_क | सोमवार, २२:०५
फोल्डर त्याच दिवशी बंद केलं हो. दुसऱ्या दिवशी तीन जणांचे फोन आले की रिपोर्ट दिसत नाहीयेत, त्यातले एक साहेब दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेत 😐

मृ | सोमवार, २२:०७
😂😂 आईशप्पथ.

सर्किट | सोमवार, २३:३१
पोर्टबंदशी सहमत. आता आखणीबद्दल, जमेल तेवढं सोपं करून सांगतो, थोडं लांबेल.

आत्ता तुमचं नेटवर्क 'फ्लॅट' आहे, म्हणजे एकच मोठा हॉल. कोणीही कोणाशीही बोलू शकतो. त्यात भिंती घालायच्या. त्यासाठी नव्या वायरी ओढायला लागत नाहीत, मॅनेज्ड स्विच (वायरी जोडायचा डबा, ज्याची सेटिंग बदलता येतात) असेल तर व्हीलॅन करता येतात. एकाच स्विचवर पोर्ट (वायर लावायची भोकं) १ ते १२ एका घरात, १३ ते २० दुसऱ्या घरात, आणि ही दोन घरं एकमेकांना दिसतच नाहीत. दोन स्विचमधून एकाच वायरवरून जाताना माहितीच्या प्रत्येक पाकिटावर घर नंबराची चिठ्ठी चिकटवतात, ते स्टँडर्ड ८०२.१क्यू, १९९८ पासून आहे, त्यामुळे साध्या मॅनेज्ड स्विचमध्येही मिळतं.

तुमच्यासाठी मी अशी घरं करीन: १० स्टाफ, २० सर्व्हर, ३० तपासणीची मशीनं, ४० कॅमेरे, ५० पाहुणे, ९९ मॅनेजमेंट. पत्तेही तसेच द्या, १०.२०.१०.x म्हणजे स्टाफ, १०.२०.३०.x म्हणजे मशीन. तिसरा आकडा बघितला की कुठल्या घरातला ते कळतं, रात्री अकरा वाजता काही शोधायची वेळ आली की याचं मोल समजतं.

पण खरं काम यापुढे आहे. खूप ठिकाणी बघितलंय, व्हीलॅन झोकात केलेले असतात आणि राउटरवर सगळ्यांना सगळीकडे जायची मुभा असते. म्हणजे नुसते दारावरचे नंबर बदलले, दारं उघडीच. नियम उलटे लिहायचे, आधी सगळं बंद आणि मग लागेल तेवढंच उघडं. पाहुणे फक्त इंटरनेटवर. कॅमेरे फक्त रेकॉर्डरकडे, इंटरनेट नाहीच. मशीन रिपोर्ट सर्व्हरच्या ठरलेल्या एका पोर्टवर, बस. (हा पोर्ट म्हणजे स्विचवरचं भोक नव्हे, कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक कामाचा ठरलेला नंबर.) स्टाफने रिपोर्ट सॉफ्टवेअरमधूनच बघायचे, म्हणजे वेबचा ४४३ उघडा. फाइल शेअरिंगचा ४४५ स्टाफकडून सर्व्हरकडे बंद. तुम्हाला जे फोल्डर दिसलं ते याच ४४५ वरून. आणि स्विच-राउटरचं लॉगिन पान फक्त ९९ मधल्या एका कॉम्प्युटरवरून उघडलं पाहिजे.

धोंडो | मंगळवार, ०८:१५
४२ कॉम्प्युटरला सहा घरं? त्या अकाउंट्स बघतात हो, त्यांना आयुष्यभर नियम लिहीत बसवणार का. सगळं क्लाउडवर टाका, ऑफिसात नुसतं इंटरनेट ठेवा, विषय संपला. शिवाय सगळ्यांना दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावा.

मृ | मंगळवार, ०८:५२
धोंडोकाका, पासवर्डचं ते जुनं झालं. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनातच सांगितलंय की ठरावीक दिवसांनी जबरदस्तीने बदलायला लावू नका, चोरीला गेल्याचा संशय असेल तर बदला. कारण माणसं काय करतात? रिसेप्शन१, रिसेप्शन२, रिसेप्शन३. मी एका ठिकाणी रिसेप्शन४७ बघितलाय. त्यापेक्षा लांबलचक एकच पासवर्ड आणि त्यावर दुसरा घटक, म्हणजे अ‍ॅपमधला कोड किंवा चक्क हार्डवेअर की.

धोंडो | मंगळवार, ०९:०३
रिसेप्शन४७ म्हणजे चार वर्षं इमानेइतबारे बदलला की! शिस्त म्हणतात याला. (हलके घ्या.)

पोर्टबंद | मंगळवार, ०९:४०
@धोंडो, क्लाउड नको असं माझं म्हणणं नाही, छोट्या ऑफिसला बरेचदा तेच बरं पडतं, पॅचिंगची (सुरक्षेच्या दुरुस्त्या टाकत राहायची) डोकेदुखी जाते. पण मशीन तर ऑफिसातच राहणार ना, त्याचा रिपोर्ट क्लाउडवर जायच्या आधी इथेच तयार होणार. आणि क्लाउडवर गेल्यावर सगळी भिंत म्हणजे लॉगिन. तिथे दुसरा घटक नसेल तर पुन्हा काचेखालचा कागद, फक्त जगभर दिसणारा.

कोणी लांबच्या भुताने | मंगळवार, १०:१०
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

जुनाखेळाडू | मंगळवार, ११:२६
फ्लॅट नेटवर्क कुठवर नेतं त्याची दोन उदाहरणं, दोन्ही जगजाहीर.

२०१३ चं टार्गेट. अमेरिकेतली एवढी मोठी दुकानांची साखळी, ४ कोटी कार्डांचे नंबर गेले. चोर आत आले ते त्यांच्या एसीचं काम बघणाऱ्या कंत्राटदाराचं लॉगिन चोरून. एसीवाल्याच्या लॉगिनपासून गल्ल्यापर्यंत पोचता आलं हा खरा प्रश्न आहे, लॉगिन चोरीला काय, कोणाचंही जातं.

दुसरं २०१७ चं नॉटपेट्या नावाचं मालवेअर. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलं आणि मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क आडवं केलं. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले, दहा दिवसांत. त्यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे कोण कुठला युजर याची नोंद ठेवणारे त्यांचे डोमेन कंट्रोलर जगभर पुसले गेले, ते एकमेकांची कॉपी ठेवायचे ना, म्हणून वेगळा बॅकअपच नव्हता. एकच वाचला, घानातला. का? तर तिथे नेमकी वीज गेली होती म्हणून तो नेटवर्कवर नव्हता.

कोपऱ्यातला | मंगळवार, ११:३०
म्हणजे आमच्याकडची वीज जाते ती सुरक्षा योजना समजायची.

निळीशाई | मंगळवार, १३:०२
जुनाखेळाडूंच्या घानावरून आठवलं, इथे बॅकअपचं अजून कोणी बोललंच नाही. स्वतःच्या जिवावर बेतलेलं सांगते. मी आधी जिथे होते तिथे रोज रात्री दोन वाजता बॅकअप व्हायचा, सकाळी 'यशस्वी' असा मेल यायचा, सगळे खूश. बॅकअपची डिस्क त्याच सर्व्हरला ई ड्राइव्ह म्हणून कायम लावलेली. एका शुक्रवारी रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं) आलं. त्याने डी ड्राइव्हवर कुलूप लावलं आणि मग शहाण्यासारखं ई वर गेलं. सकाळी मेल आलेलाच होता, 'यशस्वी'. कुलूपबंद फाइलींचा यशस्वी बॅकअप.

शेवटी वाचवलं कशाने, तर एका मुलीने कंटाळून तीन आठवड्यांपूर्वी एक जुनी डिस्क काढून कपाटात ठेवून दिली होती त्याने. मधले तीन आठवडे आम्ही कागदी पावत्यांवरून हाताने भरले.

तेव्हा तीन कॉपी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागांवर, एक ऑफिसच्या बाहेर, हा ३-२-१ चा नियम पाळाच, आणि त्यातली निदान एक अशी की जी नेटवर्कवरून कोणालाच पुसता येणार नाही, अ‍ॅडमिनलाही नाही. आणि दर महिन्याला एखादी फाइल खरंच परत आणून उघडून बघा.

रात्रपाळी | मंगळवार, २३:४४
अवंती, त्या दोन मोठ्या मशीनांना जोडलेले कॉम्प्युटर कुठल्या विंडोजवर आहेत?

अवंती_क | बुधवार, ०९:१८
एक विंडोज १० आहे, दुसरं ७. कंपनीचा माणूस म्हणतो अपडेट केलं तर मशीन चालेल याची खात्री देणार नाही, त्यामुळे कोणी हात लावत नाही.

रात्रपाळी | बुधवार, २३:५८
वाटलंच होतं. सगळीकडे हीच कथा. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून नेहमीचे पॅच येणं बंद झालंय. आणि वॉनाक्राय रॅन्समवेअर आठवतंय ना, १२ मे २०१७? ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची कित्येक हॉस्पिटलं अडकली होती, ऑपरेशनं पुढे ढकलली. लोकांना वाटतं जुन्या विंडोज एक्सपीमुळे झालं, पण लागण झालेल्यांत बहुतेक विंडोज ७ च होते. पॅच मार्चमध्येच आला होता, दोन महिने आधी. पसरत होतं याच ४४५ वरून, कोणी काही क्लिक न करता, एका कॉम्प्युटरवरून शेजारच्यावर.

तर जे बदलता येत नाही त्याला कोंडायचं. सर्किटच्या यादीतलं घर ३० फक्त त्या मशीनांचं. तिथून बाहेर एकच वाट, रिपोर्ट सर्व्हरकडे. आत येणारी वाट शून्य. इंटरनेट नाही, मेल नाही, ब्राउझर नाही. यूएसबी पोर्टही बंद करा, स्टक्सनेट नावाचा व्हायरस इंटरनेट नसलेल्या ठिकाणी पेनड्राइव्हवरूनच शिरला होता. जमल्यास ७ वाल्याला एकट्यालाच वेगळं घर द्या, १० वाल्यालाही त्याचा शेजार नको.

आणि हो, लॉग, म्हणजे कुठे कधी काय झालं याच्या नोंदी. सगळ्या उपकरणांची घड्याळं एका जागेवरून मिळवून घ्या, नाहीतर काही झालं की कॅमेरा म्हणतो पावणेचार, सर्व्हर म्हणतो चार वीस आणि आपण बसतो गणित करत. लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा, चोर आधी घरातलं रजिस्टर जाळतो.

जुनाखेळाडू | गुरुवार, १०:३३
अवांतर: भिंतीतल्या रिकाम्या पोर्टांकडेही बघा. आमच्याकडे एकदा सकाळी साडेदहाला अर्ध्या ऑफिसचं नेट गेलं, अर्ध्याचं चालू. नेट गेलेल्या एका कॉम्प्युटरवर पत्ता बघितला तर १९२.१६८.०.१४. आमच्याकडे तर १७२ ने सुरू होणारे पत्ते! म्हणजे दुसरंच कोणीतरी पत्ते वाटतंय. गेटवेचा (पत्ते वाटणाऱ्या त्या डब्याचा) हार्डवेअर नंबर म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस काढला, स्विचच्या तक्त्यात शोधला, पोर्ट १७. पोर्ट १७ ची वायर धरून चालत चालत गेलो तर फायलींच्या कपाटामागे एक छोटा घरगुती राउटर, हिरवा दिवा लुकलुकतोय. एका भल्या माणसाने कोपऱ्यात रेंज येत नाही म्हणून घरून आणून लावला होता. त्याच्या वायफायला पासवर्डसुद्धा नव्हता. दोन तास गेले.

त्या दिवसापासून न वापरलेले पोर्ट स्विचवरून बंद आणि डीएचसीपी स्नूपिंग चालू, म्हणजे पत्ते वाटायचा हक्क ठरलेल्या एकाच पोर्टला.

मृ | गुरुवार, ११:०५
वायफायबद्दल माझी भर. पाहुण्यांचं वायफाय पूर्ण वेगळ्या घरात आणि 'क्लायंट आयसोलेशन' चालू, म्हणजे एका पेशंटचा फोन दुसऱ्याच्या फोनलाही दिसणार नाही. स्टाफला एकच सामायिक पासवर्ड न देता प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, ८०२.१एक्स म्हणतात त्याला. सेटिंगला एक दिवस डोकं खातं, पण माणूस सोडून गेला की त्याचं एक खातं बंद, बाकी ४१ जणांना काही सांगायला नको. ते दोन वर्षांपूर्वी गेलेले साहेब आठवा.

सर्किट | गुरुवार, ११:१९
+१. आणि सोडून जाण्यावरून, सगळ्या कॉम्प्युटरवर लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकच आहे का तेही बघा. एकाच छापाची किल्ली असेल तर एक खोली फोडली की सगळ्या उघडतात, भिंती घालूनही.

धोंडो | गुरुवार, १२:४०
मी अजूनही म्हणतो की सहा घरं आखून देणारे इथे खूप मिळतील, सहा महिन्यांनी प्रिंटर चालेना म्हटलं की 'सगळीकडे सगळं चालू' असा एक नियम वर टाकून मोकळे होणारेही हेच.

सर्किट | गुरुवार, १२:५८
हे मात्र खरंय काका, मीच केलंय एकदा 🙈 'तात्पुरता' असं नाव दिलं होतं नियमाला. पावणेदोन वर्षं होता. चारच घरं ठेवा हवं तर, पण प्रत्येक नियमासमोर कोणी मागितला, कशासाठी आणि कधी काढायचा ते लिहा.

अवंती_क | रविवार, १९:२५
मंडळी, अहवाल देते. उशीर झाला पण कारण आहे.

पोर्टबंदांनी सांगितल्याप्रमाणे कागदावर नकाशा काढला. शिपाई मामांना शिडी धरायला लावून प्रत्येक वायर हाताने चाचपली. फॉल्स सीलिंगच्या वर एक आठ पोर्टचा स्विच निघाला, कोणी लावला कोणालाच माहीत नाही, त्यावर बोटभर धूळ. कॅमेरे बारा समजत होते, तेरा निघाले. रिपोर्टच्या कॉपी एकूण सात ठिकाणी सापडल्या, त्यातलं एक ठिकाण म्हणजे रिसेप्शनवरचा गाणी लावायचा लॅपटॉप.

पण खरी गंमत राउटरमध्ये. लॉगिन पान उघडलं (अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, हसू नका) तर 'पोर्ट फॉरवर्डिंग' मध्ये एक ओळ होती, ३३८९ (लांबून कॉम्प्युटर चालवायचा पोर्ट), सरळ त्या विंडोज ७ वाल्या कॉम्प्युटरकडे.

रात्रपाळी | रविवार, १९:३१
नाही.

अवंती_क | रविवार, १९:४४
हो. म्हणजे जगातल्या कोणालाही घरबसल्या त्याची लॉगिन स्क्रीन दिसत होती. मशीनच्या इंजिनीयरने कधीतरी 'लांबून दुरुस्ती करता यावी' म्हणून उघडलं होतं, तो इंजिनीयर आता त्या कंपनीतही नाही. मग वेंडरला फोन केला आणि सहज विचारलं की नवा फायरवॉल बसवताना सेटिंग कसं करणार? तर म्हणाला, मॅडम काळजी नको, जुन्या राउटरमधलं सगळं जसंच्या तसं उतरवून देऊ, तुमचं काही बंद पडणार नाही.

पोर्टबंद | रविवार, १९:५०
🙏 म्हणजे भोकासकट नवा दरवाजा.

जुनाखेळाडू | रविवार, २०:१५
२०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइनचं हेच झालं. वापरात नसलेलं एक जुनं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) खातं चालू राहिलेलं, दुसरा घटक नाही, तिथून शिरले. तेलाची पाइपलाइनच काही दिवस बंद ठेवावी लागली. अवंती, तुमच्या त्या कॉम्प्युटरचे लॉग तपासून घ्या कोणा जाणकाराकडून, आणि तपासणी होईपर्यंत त्याची वायर काढून ठेवा. पुसून नवं करायची घाई नको, आत काय झालं असेल त्याचा माग त्यातच आहे.

अवंती_क | रविवार, २०:३८
वायर काढलीय, तपासणारा माणूस उद्या येतोय. रिपोर्ट तोवर छापून देतोय.

बाकी ठरलं ते असं. डबा घेतोय, पण रिकाम्या पाटीने, एकही जुना नियम न आणता. घरं पाच, धोंडोकाकांच्या मानाने एक कमी केलं. इंजिनीयरला लांबून यायचं असेल तर व्हीपीएन, दुसऱ्या घटकासकट, आणि त्याने फोन केल्यावर आम्ही तेवढ्यापुरतं चालू करायचं. बॅकअपची एक डिस्क कपाटात. आज पहिलं घर वेगळं केलं, पाहुण्यांचं, आणि लगेच प्रिंटर बंद पडला, कारण रिसेप्शनवाली इतकी वर्षं पाहुण्यांच्याच वायफायवरून प्रिंट देत होती.

धोंडो | रविवार, २०:४१
मी काय म्हटलं होतं!

मृ | रविवार, २०:४३
आणि काचेखालचा कागद?

अवंती_क | रविवार, २०:५२
तो तिथेच आहे, नवा. आता त्यावर फक्त पाहुण्यांचा पासवर्ड आहे, खुशाल वाचा.

कोपऱ्यातला | रविवार, २१:३०
पूर्ण धागा दोनदा वाचला आणि आमच्या राउटरमध्ये लॉगिन केलं. आमच्याकडे चार ओळी आहेत. त्यातली एक ३३८९. आता मी कोणाला फोन करू?

रात्रपाळी | रविवार, २३:५१
आधी ती ओळ बंद कर. मग विपु (विचारपूस, म्हणजे माझ्या पानावर निरोप) कर, मी जागाच आहे.